‘शास्त्रज्ञ होऊन काय मिळतं?’ त्या मेसेजला उत्तर

बारावीचा निकाल लागला की नागपुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. मुलांना संशोधनाकडे पाठवू नका, असं त्यात बजावलेलं असतं. कारणं चार: पैसा नाही, तिशी येईपर्यंत शिकतच राहावं लागतं, संशोधन कपाटात धूळ खातं आणि नाव कोणाचंच होत नाही. मी संत्र्याच्या रोगांवर काम करते. माझ्या भाचीपुढे हाच मेसेज धरून तिला बीएस्सीपासून परावृत्त करणं चाललंय, म्हणून लिहिते आहे.

आधी पैशाचं. जेआरएफ, म्हणजे पीएचडी करणाऱ्यांसाठीची सरकारी फेलोशिप, मिळालेल्यांना 2023 पासून महिन्याला 37 हजार मिळतात, दोन वर्षांनी 42 हजार. घरभाडं भत्ता वेगळा. सीएसआयआर या केंद्र सरकारच्या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ म्हणून लागलं की मूळ वेतनच 67,700 पासून सुरू होतं, वर महागाई भत्ता. आयटीतल्या भावंडांशी बरोबरी होणार नाही, पण संसार नीट चालतो. खरं दुखणं निराळं आहे. फेलोशिप सगळ्यांना मिळत नाही, आणि मिळाली तरी कधीकधी महिनोन्महिने अडकते. ते मी भोगलंय, त्याचा रागही आहे. पण भांडायचं ते पैसे अडवणाऱ्यांशी. पोरांची वाट अडवून काय साधणार?

तिशीचा मुद्दा अर्धा खरा. पीएचडीत पाच-सहा वर्षं जातात, कायम नोकरी त्याहून उशिरा लागते, आणि हे मुलांना आधीच सांगायला हवं. ती वर्षं वाया जातात, हे मात्र मला साफ नामंजूर. संशोधन होतं ते त्याच वर्षांत.

कपाटातल्या धुळीचा आरोप मला सर्वांत जास्त लागतो. काटोल-नरखेडकडे डिंक्या रोगानं बागा जातात. बुंध्याची साल तडकते, डिंक गळतो, मुळं कुजतात, झाड वाळतं. याचं मूळ फायटोफ्थोरा हा मातीतला बुरशीसारखा सूक्ष्मजीव. रोगट बागेतली थोडी माती पाण्यात कालवायची, वर संत्र्याच्या पानाचे तुकडे तरंगत ठेवायचे. काही दिवसांत पानांच्या कडेला लिंबाच्या आकाराच्या सूक्ष्म पिशव्या धरतात. पाणी जरा गार केलं की त्या फुटतात आणि आतले बीजाणू पोहत बाहेर पडतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे कितीदा पाहिलं, तरी माझी नजर हटत नाही.

रोग पाण्यातून पोहत येतो, म्हणूनच बुंध्याला पाणी लागू द्यायचं नाही. त्यासाठी दुहेरी आळं करायचं, म्हणजे पाणी बुंध्यापासून लांब, बाहेरच्या आळ्यातच राहतं, आणि डोळा उंचावर बांधलेली कलमं लावायची. एका काकांनी मला बागेतच अडवलं होतं: “मॅडम, बुडाले पाणी लागू द्याचं नाही म्हन्ता, मंग झाड पाणी पिईन कुठून?” पाणी पिणारी बारीक मुळं बुंध्यापासून लांब, झाडाच्या सावलीच्या कडेला असतात, हे त्यांना तिथंच उकरून दाखवलं. त्यांनी त्याच हंगामात आळी बदलली. याला कपाटातली धूळ म्हणायचं?

राहिलं नाव. भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन 1910च्या सुमारास नागपुरातच अर्थखात्यात नोकरीला होते. 1917 मध्ये त्यांनी अर्थखातं सोडलं आणि कमी पगारावर कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापकी पत्करली. नोबेल 1930 चं. नोकरी सोडताना ते कुठेच दिसत नव्हतं. पण मला त्यांच्याहून मिलार्दे हे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ जवळचे वाटतात. फ्रान्समध्ये येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना मारत. त्या वेलींवर रोग कमी पडतो, हे मिलार्देंनी हेरलं आणि 1885 मध्ये बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक जगापुढे ठेवलं. आज आपला संत्रा बागायतदार एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाण्याचा बोर्डो मलम बुंध्याला लावतो. मिलार्दे हे नाव त्याला ठाऊक नसेल, झाड मात्र वाचतं. मला एवढं मिळालं तर भरून पावले.

26 सप्टेंबरला, सीएसआयआरच्या स्थापनादिनी, प्रयोगशाळा विद्यार्थ्यांसाठी खुल्या ठेवण्याची पद्धत आहे. मेसेज पुढे ढकलण्याआधी मुलांना नीरीत, सीएसआयआरच्या नागपुरातल्या पर्यावरण प्रयोगशाळेत, घेऊन जा, आणि तिथल्या पीएचडीच्या पोरांनाच विचारा: फेलोशिप वेळेवर येते का, आणि सध्या काय शोधताय? दोन्ही उत्तरं पुरती ऐकून घ्या.