मिरजेत विष्ठेची बँक काढायची तर

मलप्रत्यारोपणाची, म्हणजे निरोगी माणसाची विष्ठा रुग्णाच्या आतड्यात सोडण्याची, बातमी आली की सांगलीकडच्या ग्रुपवर लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, 'शी, गोरे काय वाटेल ते करतात.' दुसरी म्हणते, 'बघा, शेवटी आमच्या पंचगव्यावरच आले.' इथे बर्मिंगहॅममध्ये बसून हे वाचताना एकच खटकतं: विष्ठा कोणाची घ्यायची, हे कोणीच विचारत नाही.

अँटिबायोटिकने आतड्यातली नेहमीची वस्ती उठली की सी-डिफ (क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल) हा जुलाब लावणारा जिवाणू माजतो. व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकने तो मरतो, पण त्याचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातली सुप्त रूपं, मरत नाहीत. (सॅनिटायझरनेही नाही, हात साबण-पाण्यानेच धुवायचे.) औषध थांबलं की ते परत रुजतात. प्राथमिक पित्ताम्लं त्यांना रुजायला मदत करतात. निरोगी आतड्यातले काही जिवाणू त्याच आम्लांची दुय्यम आम्लं बनवतात आणि त्यांत सी-डिफची वाढ खुंटते. दात्याकडून आपण उसने घेतो ते हे जिवाणू. शेणात माणसाच्या आतड्यातली वस्ती कुठून येणार?

ॲमस्टरडॅमच्या 2013 च्या चाचणीत 16 पैकी 13 रुग्ण पहिल्याच खेपेला बरे झाले, आणखी 2 दुसऱ्या खेपेला. नुसत्या व्हॅन्कोमायसिनवर 13 पैकी 4. ब्रिटनमध्ये नाइस या उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने 2022 मध्ये या उपचाराला मान्यता दिली, तीही आधी किमान दोनदा खात्रीने सी-डिफ झालेल्या प्रौढांसाठीच.

कृती अवघड नाही. किमान 50 ग्रॅम विष्ठा, साधारण पाचपट सलाइनमध्ये घुसळून गाळायची, 10 टक्के ग्लिसरॉल घालून उणे 80 अंशांवर गोठवायची. शौच झाल्यापासून सहा तासांच्या आत हे उरकावं लागतं. उशीर झाला की हवा न सोसणारे जिवाणू मरत जातात. रुग्णाचं व्हॅन्कोमायसिन एक दिवस आधी बंद करायचं, नाहीतर नवी वस्तीही तेच मारतं. मग पोट साफ करून कोलोनोस्कोपीने सोडायचं. नंतर महिन्याभरात कोणी सर्दीसाठी अँटिबायोटिक लिहून दिलं, की केलेलं सगळं पाण्यात.

कोलोनोस्कोप आणि ते चालवणारे हात मिरजेत आहेत, फ्रीझर विकत मिळतो. अडतं दात्यावर. अमेरिकेत 2019 मध्ये एकाच दात्याच्या विष्ठेतून दोन रुग्णांना ईएसबीएल ई. कोलाय (बऱ्याच अँटिबायोटिकना दाद न देणारा जिवाणू) लागला, एक दगावला. त्या विष्ठेची ती तपासणीच झालेली नव्हती. आणि डच प्रवाशांच्या 2017 च्या अभ्यासात दक्षिण आशियातून परतलेल्या सुमारे 75 टक्के लोकांनी असेच जिवाणू सोबत आणलेले निघाले. काही आठवड्यांच्या पाहुण्याची ही गत, तर सांगलीच्या विश्रामबागेत जन्म काढलेल्याची काय असेल? ब्रिटनमधल्या दात्यांच्या प्रश्नावलीत अलीकडचा परदेश प्रवास विचारतात तो त्यासाठीच.

त्यामुळे 'रक्तासारखं, घरातलाच भाऊ देईल' हा हिशेब इथे चालत नाही. एकाच घरात बहुधा तेच पाणी, तीच औषधं, तेच जिवाणू. शंभर जण तपासावेत तेव्हा मोजकेच दाते उरतात. पुन्हा एचआयव्ही, कावीळ, परजीवी, प्रतिरोधक जिवाणू अशी प्रत्येकाची तपासणी, आणि दुसरी फेरी होईपर्यंत माल वापरायचा नाही. एकेका हॉस्पिटलला हे परवडणारं नाही. सांगली, सातारा, कोल्हापूर मिळून एकच बँक काढली तर थोडं तरी जमेल. मिक्सर आणि यूट्यूबवर घरी करणाऱ्यांना तर हात जोडावेत.

बँक निघेल तेव्हा निघेल. सी-डिफचं रोगनिदान तरी आज नीट व्हावं. तपासणी पातळ शौचाचीच करायची, आणि नुसत्या पीसीआरवर (जिवाणूची जनुकं शोधणाऱ्या चाचणीवर) भागवायचं नाही, तो सोडतो त्या विषाचीही चाचणी हवी. कारण जिवाणू अंगावर बाळगणारा प्रत्येक जण आजारी नसतो. बरं वाटल्यावर पुन्हा तपासू नये, रिपोर्ट बरेच दिवस पॉझिटिव्ह येत राहतो. आणि व्हॅन्कोमायसिन शिरेतून दिलं तर आतड्यात पुरेसं पोचत नाही. ते तोंडानेच घ्यायचं, 125 मिलिग्रॅम, दिवसातून चारदा, दहा दिवस. गोळी महाग पडत असेल तर डॉक्टर इंजेक्शनची कुपीच पाण्यात कालवून प्यायला देऊ शकतात.