मंडळीचा इतिहास लिहिताय? आधी बायका काढा!

तुमच्या मेथडिस्ट मंडळीची, म्हणजे चर्चची, स्मरणिका निघतेय ना? आणि संपादक तुम्हीच? मग घ्या, चार गोष्टी फुकट सांगते.

मुखपृष्ठावर मेथडिस्ट पंथाचे संस्थापक, घोड्यावरचे जॉन वेस्ली. यात बदल नाही.

शुभेच्छासंदेश भरपूर. सगळे टायवाले.

आता पंथाची अमेरिकेतली सुरुवात. इथे जपून. वाक्य एवढंच टाका: ‘१७६६ साली न्यू यॉर्कमध्ये फिलिप एम्बरी यांनी उपदेशास प्रारंभ केला.’ का केला, हे विचारायचं नाही. विचारलंत की बार्बरा हेक येते. आयर्लंडमधल्या लिमरिककडची, एम्बरीची नात्यातली बहीण. हे महाशय तिकडे उपदेश करायचे, १७६० मध्ये न्यू यॉर्कला आले आणि सहा वर्षं गप्प! सांगतात ते असं, की ओळखीपाळखीची माणसं पत्ते कुटताना दिसली, तशी बाईने पत्ते उचलून विस्तवात घातले आणि तडक फिलिपचं घर गाठलं. उपदेश कर, नाहीतर आमचं रक्त तुझ्या माथी. तो म्हणे, जागा नाही, माणसं नाहीत. ती म्हणे, तुझंच घर घे, माणसं मी आणते. आणली की! नवरा पॉल, गडी जॉन लॉरेन्स आणि बेट्टी.

बेट्टी कोण? एक काळी बाई. कुणी मोलकरीण लिहितं, कुणी गुलाम. ना आडनाव, ना जन्मसाल. दोन अक्षरं उरलीत तिची. तुमची कात्री तिथेही चालली!

१७६८ मध्ये जॉन स्ट्रीटवर चॅपल झालं. व्यासपीठ एम्बरीने स्वतःच्या हातांनी बनवलं, हे तुम्ही ठळक टायपात छापता. भिंतींना चुना बार्बराने लावला म्हणतात. तिने भिंतींना, आपण तिला.

वेस्लींच्या काळात उपदेश करणारी सारा क्रॉसबी, इंग्लंडमधलं डर्बी, १७६१, समोर दोनशेच्या आसपास माणसं? ‘भगिनींचेही मोलाचे योगदान लाभले’ यात बसून जाते.

१८०३ मध्ये इंग्लंडच्या कॉन्फरन्सने, म्हणजे पंथाचे नियम ठरवणाऱ्या सभेने, बायकांच्या उपदेशाला वेसण घातली, ते तर नकोच. उगाच कुणी वाचायचं.

आपल्या स्मरणिकेसाठी याच बायकांवर लिहिलेला माझा लेख दोन पानांचा होता. आला किती? एम्बरींच्या चित्राखाली एक ओळ: ‘सोबत एक भगिनी.’ उरलेल्या पानावर बिर्याणीच्या ऑर्डरची जाहिरात, दोन मोबाइल नंबरांसकट. संपादकांना फोन केला तर म्हणाले, ताई, जागा कमी पडली हो. जागा? खजिनदारांचे तीन फोटो आहेत, त्यातल्या एकात ते नुसते माइक धरून उभे आहेत! आणि कागदाचे पैसे कुणी जमवले? महिला मंडळाने, दर रविवारी चहा-खारी विकून. लाज कशी वाटत नाही तुम्हाला? बार्बराचं नाव खाल्लंत ते खाल्लंत, बेट्टीची दोन अक्षरं छापायला किती शाई लागते? पुढच्या रविवारी पुरवणी काढा. नाहीतर चहा तुमचा तुम्ही करा, कपही तुम्हीच विसळा.