सरिता देवीचे पाचशे डॉलर

परवा बॉक्सिंगसाठी लेकीच्या हाताला बँडेज बांधत होते. अंगठ्यात फास अडकवायचा, मनगटाला तीन वेढे द्यायचे, मग बोटांच्या एकेका बेचक्यातून पट्टी फिरवून पुन्हा मनगटावर आणायची. सैल पडली तर मनगट मुरगळतं, फार आवळली तर बोटं निळी पडतात. बांधता बांधता तिनं विचारलं, "आई, सरिता देवीनं मेडल परत केलं ते चुकलं का गं? सर म्हणतात, निकाल लागला की हात मिळवायचा आणि खाली उतरायचं."

सर वाईट सांगत नाहीत. पोरांना तेच शिकवायला हवं. पण मला तिला "हो, चुकलं" असं म्हणवेना. का म्हणवेना, ते इथे लिहिते.

३० सप्टेंबर २०१४. इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत महिला बॉक्सिंगच्या ६० किलो गटाची उपांत्य लढत. मणिपूरची सरिता, समोर यजमान दक्षिण कोरियाची पार्क जी-ना. तेव्हा बायकांच्या लढती दोन-दोन मिनिटांच्या चार फेऱ्यांच्या असायच्या. सरिता आई झाली होती, तान्हं बाळ घरी ठेवून सरावाला परतली होती आणि त्याच वर्षी ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य घेऊन आली होती. ती लढत मी तेव्हाही पाहिली आणि नंतरही कितीदा तरी पाहिली. सरिताचे ठोसे बसताहेत, पार्क मागे हटतेय, हे कळायला बॉक्सिंगमधलं फार काही कळावं लागत नाही. निकाल लागला तो तिन्ही पंचांचा कौल पार्कच्या बाजूने.

यानंतर जे झालं ते मला निकालापेक्षा जास्त लागलं. तक्रार करायला पाचशे डॉलर भरावे लागत होते. एवढ्या मोठ्या पथकासोबत एवढे अधिकारी, पण त्या घटकेला ते पैसे जमवायला धावला तो तिचा नवरा. पत्रकारांकडून उसने घेऊन त्यानं तक्रार भरली. आणि उत्तर काय मिळालं? पंचांच्या निर्णयाविरुद्ध तक्रार करताच येत नाही. नियमच तसा. मग दाद मागायची तरी कुठे?

दुसऱ्या दिवशी पदकं देताना सरिता ढसाढसा रडत होती. गळ्यात घालू पाहणारं कांस्य तिनं हातात घेतलं आणि पार्कच्या गळ्यात घातलं. पार्क बिचारी गोंधळून गेली. तिचा दोष नव्हता, तिनं काही निकाल लिहिला नव्हता. तिच्यावर ती अवघड वेळ आली याचं मलाही वाईट वाटतं. पण सरिताला दाद मागायला दुसरी जागाच ठेवली नव्हती. दार बंद, खिडकी बंद, उरला तो पदकाचा चौथरा.

त्याच दिवशी मेरी कोमनं सुवर्ण जिंकलं. आशियाई स्पर्धेत बॉक्सिंगचं सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय महिला. आपण सगळे नाचलो, आणि त्याच आनंदात आपल्यातल्याच कितीतरी जणांनी सरिताला "रडकी" ठरवलं. शेवटी तिला लेखी माफी मागावी लागली, तरी एक वर्षाची बंदी आणि वर दंड. चुकीचा निकाल सोसला तिनं, शिक्षाही तिलाच.

हे लिहिताना सोल १९८८ आठवतं. ऑलिम्पिकच्या अंतिम लढतीत अमेरिकेच्या रॉय जोन्सनं दक्षिण कोरियाच्या पार्क सी-हुनला ८६ ठोसे मारले, त्याचे बसले ३२. सुवर्ण मात्र पार्कला. पुढे २०२३ मध्ये त्याच पार्कनं अमेरिकेत जाऊन ते पदक स्वतःच्या हातानं जोन्सला दिलं. पस्तीस वर्षं तो माणूस ते ओझं वागवत होता! चुकीचा निकाल जिंकणाऱ्यालाही सोडत नाही.

आणि हे सगळं आपल्या मनाचे खेळ होते असंही नाही. बॉक्सिंगच्या ज्या जागतिक संघटनेनं सरितावर बंदी घातली, त्याच संघटनेच्या रिओ २०१६ ऑलिम्पिकमधल्या लढतींत निकाल फिरवले गेल्याचं २०२१ च्या चौकशी अहवालात आलं. २०२३ मध्ये ऑलिम्पिक समितीनं त्या संघटनेची मान्यताच काढून घेतली. दरम्यान बाउट रिव्ह्यू, म्हणजे निकाल पुन्हा तपासून मागायची सोय आली, टोकियोत प्रत्येक फेरीनंतर पंचांचे गुण पडद्यावर दिसू लागले. रिव्ह्यू मागितला की मिळतोच असं नाही. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत मेरी कोमसाठी आपण मागितला, फेटाळला गेला. पण मागता तरी आला.

आपल्या गावोगावच्या स्पर्धांचं काय? गेल्या वर्षी एका स्पर्धेत लेक हरली. हरली असेलही खरीच, माझे आईचे डोळे. मी फक्त एवढंच विचारलं, कुठल्या फेरीत किती गुण, कागद बघायला मिळेल का? "ताई, निकाल लागला, पोरगी लहान आहे, पुढच्या वर्षी बघू." कागद काही दिसला नाही. घरी येताना लेक गाडीवर मागे बसून विचारत होती, "माझा गार्ड खाली जात होता का गं? की डावा हात कमी पडला?" मला काय ठाऊक! तो कागद दिसला असता तर दुसऱ्या दिवशीपासून तिनं तेवढंच घोटून घेतलं असतं.

प्रत्येक फेरीचे गुण फळ्यावर लिहा. खडू आणि फळा, एवढाच खर्च आहे. आणि पोरांच्या हातची लेखी तक्रार पैसे न मागता घ्या. तुमच्या गावात स्पर्धा भरवणारं कुणी ओळखीचं असेल तर त्यांना एवढं जरूर सांगा.

लेकीला मी म्हटलं, हात मिळव, खाली उतर, सरांचं ऐक. आणि मग जाऊन गुण विचार. तिनं दुसरा हात पुढे केला. त्याचं बँडेज अजून बांधायचं होतं.