वैद्याचं नाक, जीभ आणि डीएनए

नमस्कार, वैद्यराज. औषधी वनस्पतींची ओळख पटवणाऱ्या डीएनए चाचणीवरच्या माझ्या लेखाला तुम्ही तीन आक्षेप घेतलेत: वैद्याचं नाक-जीभ पुरेशी आहे, डीएनएवरून गुण कळत नाही, आणि हा सगळा प्रयोगशाळांचा धंदा आहे.

दुसरा आक्षेप पूर्ण मान्य. झाड कोवळं होतं की जून, साल साठवणीत बुरसली का, तिच्यात टॅनिन हे तुरट द्रव्य किती उरलं, यातलं काहीच डीएनए सांगत नाही. त्यासाठी रासायनिक तपासणीच हवी.

पहिला मात्र पटत नाही. झाडासमोर उभा असलेला वैद्य चुकणार नाहीच. सीता अशोकाचं संयुक्त पान, केशरी फुलांचे झुपके. खोट्या अशोकाचं एकेकटं, लांबट, नागमोडी कडांचं पान. गल्लत कोण करेल? पण बाजारात झाड येत नाही, साल येते, तीही बऱ्याचदा भरड करून. सीता अशोक रानात विरळ झालाय, मागणी मात्र मोठी, म्हणून खोट्या अशोकाची साल त्यात मिसळली जाते. पहिला शेंगवर्गातला, दुसरा सीताफळाच्या कुळातला. इतक्या लांबच्या झाडांमधला फरक हरितलवकातला (पेशीतल्या हिरव्या कणातला) आरबीसीएल हा एकच जनुक वाचून कळतो. दोन्ही साली एकत्र दळल्या असतील तर साधं वाचन घोळ घालतं. तिथे फक्त खोट्या अशोकालाच पकडणारा मार्कर, म्हणजे त्याच्याच डीएनएतली खास खूण, लागते.

अरिष्टाची, म्हणजे सालीच्या काढ्यापासून आंबवून केलेल्या औषधाची, बाटली तपासून मात्र असा निकाल देऊ नये. काढा उकळताना डीएनएचे तुकडे होतात, आणि सालीतली टॅनिनं पीसीआर, म्हणजे चाचणीसाठी डीएनएच्या प्रती वाढवण्याची क्रिया, अडवतात. डीएनए सापडला नाही म्हणजे भेसळ, असं नाही. 2015 मध्ये अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलनी (मुख्य सरकारी कायदा अधिकाऱ्यांनी) दुकानांतल्या हर्बल गोळ्यांवर असाच ठपका ठेवला, तेव्हा तज्ज्ञांनी हीच हरकत घेतली होती. तपासायची ती खरेदीच्या वेळची कोरडी साल.

शंखपुष्पीसारख्या ठिकाणी तर आधी तुम्हा वैद्यांनाच ठरवावं लागेल. आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानक ग्रंथात, या नावाने एक वनस्पती, केरळात मात्र शंखपुष्पी म्हणून गोकर्ण. समोरची कोणती, ते डीएनए सांगेल. शास्त्राला कोणती अभिप्रेत आहे, ते नाही.

राहिला धंद्याचा मुद्दा. प्रयोगशाळेत वाचलेला डीएनएचा क्रम जुळवून पाहायला खात्रीचा नमुना लागतो: रानातून फुलाफळांसकट आणलेला, जाणकाराने ओळखलेला, हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) जपलेला. तो नसेल तर महागडं यंत्रही चुकीचंच नाव देईल. तुमच्यासारख्या, झाड पाहताक्षणी ओळखणाऱ्या माणसांनी असे नमुने गोळा करायला हातभार लावावा, ही माझी मनापासून विनंती आहे.