पाचपैकी चार

आज सकाळी साडेअकराच्या सुमारास आमच्या छत्रपती संभाजीनगरातल्या घराच्या दारात एक पोरगी आली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, उन्हापायी डोक्याला ओढणी गुंडाळलेली. "शहरातल्या जीवनमानाचा सर्व्हे आहे आजी, पाचच मिनिटं." मी कणीक मळत होते, म्हणून आत्या बसल्या तिच्यासमोर. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. वय ७६.

रस्त्यावरचे दिवे झाले, कचऱ्याची गाडी झाली, रात्री बाहेर पडायला भीती वाटते का ते झालं. मग तिनं विचारलं, "पाणीपुरवठ्याबद्दल किती समाधानी आहात? एक ते पाच."

आत्या म्हणाल्या, "चांगलं यायलंय की. चार लिही."

चार! मी पिठाच्या हातानं तशीच बाहेर आले. सात दिवसांनी पाणी आलं होतं काल. तेही रात्री पावणेतीनला. पहिली दहा मिनिटं गढूळ, पुढं पाऊण तास बरं. मी म्हटलं, "आत्या, चार काय? अहो, रात्री जिन्यावरून बादल्या कुणी चढवल्या?" त्या काही बोलल्या नाहीत. पोरीनं माझ्याकडं बघितलं, आत्यांकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "एकदा सबमिट झालं की मागं जाता येत नाही, ताई."

तेव्हापासून डोकं भणभणतंय. स्वयंपाक झाला, जेवणं झाली, भांडी झाली, तरी ते चार काही डोक्यातून जाईना. म्हणून लिहायला बसलेय.

ती पोरगी ज्या भिंतीला टेकून बसली होती ना, त्याच भिंतीवर, तिच्या डोक्यापासून वीतभर वर, आत्यांचं कॅलेंडर टांगलेलं आहे. खिळ्याला दोऱ्यानं पेन बांधलेलं. नळाला पाणी आलं की आत्या त्या तारखेला गोल करतात आणि चौकोनात बारीक अक्षरात लिहितात. "रा. २.४५ ते ३.४०. आधी गढूळ." वास आला तर लाल पेन. टँकर मागवला तर "टँ." आणि पुढं पैसे. लाइनमन एक टप्पा पुढं ढकलल्याचं सांगून गेला तर बाण काढून नवी तारीख. हे २००५ च्या उन्हाळ्यापासून चालू आहे. त्या वर्षी एका रात्री घरात कुणालाच जाग आली नाही, पाणी येऊन गेलं आणि पुढचे आठ दिवस आत्या आणि मामंजी चौकातल्या हापशावरून हंडे आणत होते. त्यानंतर त्यांनी एकही वेळ चुकवली नाही. मामंजी गेले त्या आठवड्यातसुद्धा गोल आहे. जुनी कॅलेंडरं गुंडाळून, रबर लावून दिवाणाखाली ठेवलेली आहेत.

वीस वर्षांची नोंद डोक्यावर लटकत असताना खाली बसून त्या पोरीनं लिहिलं काय, तर चार.

मला सांगा, कशाला म्हणायचं नागरिकांचा डेटा?

केंद्र सरकारनं राहण्यायोग्य शहरांचा निर्देशांक काढायला सुरुवात केली ते तुम्हाला माहीत आहे. २०१८ ला पहिल्यांदा आला, १११ शहरं, पुणे पहिलं. माझी बहीण पुण्यातच राहते, एप्रिल लागला की तिच्या सोसायटीच्या दारात टँकरची रांग असते, तेव्हा त्या पहिल्या नंबरचं तिला काय करायचं ते तिलाच विचारा. पुढच्या खेपेला, २०२० च्या निर्देशांकात, म्हणाले की आता लोकांचं मतही धरणार. १०० पैकी ३० टक्के वजन लोकांच्या मताला. ३२ लाखांवर लोकांनी उत्तरं दिली. हे चांगलंच झालं, मी नाही म्हणत नाही. ते मतं गोळा करणं २० मार्च २०२० ला संपलं आणि चार दिवसांनी टाळेबंदी जाहीर झाली. जे शहर आपल्याला राहण्यायोग्य वाटत होतं, त्यातून माणसं डोक्यावर बोचकी घेऊन चालत गावाकडं निघाली. आपल्या जालना रोडनंही गेली. मी बघितलीत.

त्यांच्या "समाधाना"चा आकडा कोणत्या रकान्यात धरला असेल?

असो. मुद्दा पाण्याचा आहे. २००८ साली दिल्लीच्याच नगरविकास मंत्रालयानं निकष ठरवून दिलेत. माणशी रोज १३५ लिटर, आणि नळाला पाणी चोवीस तास. आपल्याकडं आठवड्याचे १६८ तास, आणि त्यात आमच्या नळाला पाऊण तास, फार तर तासभर. ह्याला एक ते पाच कशाला लागतं? घड्याळ लागतं. घड्याळ आमच्या भिंतीवर आहे, कॅलेंडरच्या शेजारी.

आणि हे नशिबाचं म्हणावं तर तसंही नाही. नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, पन्नासेक किलोमीटरवर आहे. १९७६ पासून धरण उशाला आहे. निजामशाहीचा वजीर मलिक अंबरानं चारशे वर्षांपूर्वी जमिनीखालून नहरी काढून ह्या शहराला पाणी पाजलं, पाणचक्कीवर आपण पाहुण्यांना घेऊन जातो आणि कौतुकानं सांगतो. नव्या योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं. १६८० कोटींची होती, ती २७४० कोटींवर गेली. काम चाललंय, पाइप मोठे आहेत, अडीच मीटर व्यासाचे. होईल कधीतरी, होऊ दे, मला आनंदच आहे. पण एवढी वर्षं पैसा कुठं आणि किती अडला ह्याचा हिशेब फायलीत सापडतो, लोकांच्या रात्री किती मोडल्या ह्याचा हिशेब कुठंच नाही. तो फक्त आमच्या दिवाणाखाली आहे. तुमच्यापैकी काहींच्या घरीही असेल.

कॅलेंडरमधली एक गोष्ट सांगते. माझा मुलगा लहान होता तेव्हाचं. एका जुलैत लाल अक्षरात लिहिलंय, "वास." त्यानंतर दोन चौकोन मोकळे. तिसऱ्यात, "बाळाला जुलाब." पुढं, "सलाईन." त्या वेळी डॉक्टर म्हणाले, बाहेरचं काही खाल्लं असेल. मी स्वतःला दोष देत राहिले कितीतरी दिवस, कुणाच्या बारशात काय खाऊ घातलं ते आठवत. मागच्या दिवाळीत दिवाण सरकवला तेव्हा सहज ते कॅलेंडर उघडलं आणि आत्यांच्या हातचं ते लाल अक्षर दिसलं. मग पुढची-मागची वर्षं काढली. लाल अक्षर आणि दोन-तीन दिवसांत घरातलं कुणीतरी आजारी, असं मला पाच ठिकाणी सापडलं. आता एका घरावरून शास्त्र होत नाही हे मलाही कळतं. पण गल्लीतल्या दहा घरांनी असं लिहिलं असतं तर कोणत्या दिवशी पाइप फुटून गटाराचं पाणी आत आलं ते एका संध्याकाळी कळलं असतं.

हे सगळं घेऊन मी गेले होते एकदा. तीन वर्षांची कॅलेंडरं पिशवीत घालून, एका कार्यालयात. टेबलावरच्या माणसानं पिशवीत डोकावून विचारलं, "हे काय पुरावा असतो का, मॅडम?" त्याच्या कागदावर आमच्या भागात पाणी पाच दिवसांआड नियमित होतं. नियमित! त्यानं माझ्यासमोर आत्यांचं २०१९ चं कॅलेंडर उघडूनसुद्धा बघितलं नाही. रबर तसंच. मी रिक्षानं परत आले आणि आत्यांना खोटंच सांगितलं की ठेवून घेतलंय, बघतो म्हणाले. पिशवी माळ्यावर लपवली. आज पहिल्यांदा हे लिहून सांगतेय.

एम.एस.डब्ल्यू.ला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासाला असताना आम्हाला बंगळुरूचं उदाहरण शिकवलं होतं. तिथं सॅम्युअल पॉल म्हणून एक गृहस्थ होते, आयआयएम अहमदाबादचे माजी संचालक. स्वतःला सरकारी खात्यांचा त्रास झाला तेव्हा त्यांनी १९९३-९४ मध्ये लोकांकडून खात्यांचं प्रगतिपुस्तक भरून घेतलं. नुसतं खूश आहात का एवढ्यावर ते थांबले नाहीत. तक्रार केली तर सुटली का, तिथली माणसं कशी वागली, वर किती पैसे द्यावे लागले, हेही विचारलं. आणि खात्यांची नावं घेऊन निकाल छापला. पुन्हा १९९९ ला, पुन्हा २००३ ला. दहा वर्षं तेच प्रश्न घेऊन लोकांसमोर उभे राहिले. आपल्याकडं येणारा सर्व्हे एकदा येतो, टॅब बंद होतो, आणि आपल्या वॉर्डाचं काय निघालं ते सांगायला कुणी परत येत नाही. सांगणार तरी कुणाला? २०२० च्या एप्रिलमध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं शहर प्रशासकाच्या हाती होतं.

आणि सरासरी! ज्याच्या बंगल्याखाली पंधरा हजार लिटरचा हौद आणि वर दोन टाक्या, त्याला आठव्या दिवशी पाणी आलं तरी कळत नाही. तो पाच म्हणेल, आणि त्याचं खरंच असेल. गुंठेवारीत, म्हणजे गुंठ्या-गुंठ्यानं जागा विकून उभ्या राहिलेल्या वसाहतीत, जी बाई ड्रमवाल्या टँकरची वाट बघत कामावर खाडा करते, ती एक म्हणेल. दोघांचं मिळून तीन. शहर ठीकठाक.

दुपारी आत्यांशी बोलले. रागातच बोलले, आवाज चढला माझा. "चार का सांगितलं?"

त्या शेंगा निवडत होत्या. म्हणाल्या, "अगं, मागच्या महिन्यात दहाव्या दिवशी आलं होतं. आता सातव्या दिवशी यायलंय. सुधारलंच की." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "आणि लातूरचं विसरलीस काय? तिथं रेल्वेनं पाणी आणलं होतं."

त्यांची धाकटी बहीण लातूरला असते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला जात होती तेव्हा आत्या रोज तिला फोन करून विचारायच्या, आज किती घागरी भरल्या. दोघी बहिणींचं दुसरं बोलणंच नसायचं. त्या उन्हाळ्याशी ताडून बघितलं तर आमचं घर चार गुणांचं आहेच. कदाचित पाचाचंही.

इथं माझा राग कुठं गेला कळलं नाही. मराठवाड्यातल्या बाईला विचारायलेत, समाधानी आहेस का. तिनं सगळा जन्म कमीत भागवून काढलाय. ती नाही कसं म्हणेल? उन्हातान्हात दारात आलेल्या लेकराला, ज्याला बिचारीला फॉर्ममागं पैसे मिळत असतील, तिला तोंडावर "एक लिही" म्हणणं आत्यांच्या संस्कारात बसत नाही. त्या पोरीचा काही दोष नाही. तिला आत्यांनी माठातलं पाणी दिलं, तिनं दोन तांबे प्यायलं. माणसाला काय वाटतं हेही विचारलं पाहिजे, हे मला मान्य आहे. रात्री एकट्या बाईला रस्त्यावर भीती वाटते का, हे कुठलं मीटर सांगणार? पण पाण्याला वाटण्यावर सोडू नका. पाण्याला तारीख विचारा, वेळ विचारा, रंग विचारा. आत्यांना कुणी "शेवटचं पाणी कधी आलं, किती वेळ होतं" असं विचारलं असतं ना, त्या चष्मा न लावता कॅलेंडरकडं हात करून सांगत्या. वीस वर्षांत एकदाही कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी पिशवी माळ्यावरून काढली. आत्यांना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं. रबर मी लावलं होतं तसंच होतं." म्हणजे त्यांनी माळ्यावर बघितलं होतं आणि एवढी वर्षं एका शब्दानं बोलल्या नाहीत.

मुलानं लॅपटॉपवर तक्ता करून दिलाय. तारीख, वेळ, किती मिनिटं, रंग, वास. २००५ चे जून-जुलै भरून झालेत. ज्यांच्या घरी असं कॅलेंडर, वही, दाराच्या मागं खडूनं लिहिलेलं काहीही असेल त्यांनी फोटो पाठवा. अक्षर लागत नसलं तरी पाठवा, आत्या लावतील. गारखेडा, हर्सूल, पडेगाव, चिकलठाणा, कुठलंही चालेल.

आत्ता दहा वाजलेत. आजच्या चौकोनात गोल नाही. पण आत्यांनी लिहिलंय, निळ्या पेननं: "सर्व्हेची पोरगी. पाणी पिऊन गेली."