गोळ्या बंद, काढा सुरू?

‘नसा आतून धुवून काढा, बायपास टाळा’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. लिंबू, आलं, लसूण यांचा रस आणि अ‍ॅपल सायडर व्हिनेगर, सगळं एकेक कप. उकळून तीन कप उरवायचं, त्यात तीन कप मध. रोज अनशापोटी एक चमचा घेतला की म्हणे ब्लॉकेज उघडतात, बीपी-शुगरच्या गोळ्या सुटतात. वर, किडन्या त्या गोळ्यांनीच जातात म्हणे! माझ्या आत्याला दोन्ही दुखणी. तिने हे वाचून गोळ्या थांबवल्या, म्हणून लिहिणं भाग पडलं.

सगळ्यात घातक आहे ते किडनीचं वाक्य. किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्यांची वाट लावतात ती चढलेलं बीपी आणि साखर. ब्रिटनमधल्या ‘यूकेपीडीएस’ अभ्यासात टाइप २ डायबेटिस आणि बीपी दोन्ही असलेले ११४८ जण होते. निकाल १९९८ साली छापून आले. कॅप्टोप्रिल किंवा अटेनोलॉल देऊन ज्यांचं बीपी काटेकोर सांभाळलं, त्यांची सरासरी १४४/८२, बाकीच्यांची १५४/८७. वरच्या आकड्यात फरक अवघा १०चा, पण तेवढ्यावर पक्षाघात ४४ टक्क्यांनी कमी झाले. बारीक रक्तवाहिन्यांचे विकार, मुख्यतः डोळ्यांचे, ३७ टक्क्यांनी घटले. लघवीतून प्रोटीन जाणाऱ्या डायबेटिसवाल्यांना ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ गटातली बीपीची गोळी देतात ती किडनी वाचवायलाच. त्या गोळ्यांवर रक्तातलं क्रिएटिनिन (यावरून किडनीचं काम कळतं) आणि पोटॅशियम तपासत राहावं लागतं, एवढं खरं. आणि अटेनोलॉलसारखी गोळी एकाएकी सोडली तर हृदयविकाराच्या रुग्णाला अ‍ॅटॅकही येऊ शकतो. हे मेसेजमध्ये कुठे आहे?

आता ‘नसा धुणं’. रक्तवाहिनी म्हणजे मोरीचा पाइप नव्हे. चरबीचा थर भिंतीच्या आत, अस्तराखाली साचतो. पोटात गेलेला काढा तिथे घासायला जात नाही. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड बनवून वाहिनी सैल ठेवतं (या शोधाला १९९८चं नोबेल मिळालं). साखर आणि बीपी चढं राहिलं की हे काम मंदावतं, ब्लॉकेज दिसायच्या कितीतरी आधी.

आणि मध! सहा कपांत तीन कप मध, तोही डायबेटिसवाल्याला, अनशापोटी. मेसेज लिहिणाऱ्याने निदान यादी तरी पुन्हा वाचायची.

लसणाने बीपी थोडंफार उतरल्याचं काही प्रयोगांत दिसलंय, मान्य. मग खा की चटणी, मीठ बेताचं घालून. ‘मोठ्या हार्ट सर्जनचा अनुभव’ म्हणून जो दाखला दिलाय, त्यात सर्जनचं नाव नाही, गाव नाही, आधीची-नंतरची एक अँजिओग्राफीसुद्धा नाही.