उधारीवर उद्योग कसा वाढवावा

धंदा सुरू करायचा म्हणताय? फारच छान. मराठी माणूस धंद्यात मागे आहे ही ओरड ऐकून कान किटले, तेव्हा तुम्ही पुढे व्हाच. इंदुरात तर वातावरण एकदम पोषक आहे. सकाळी पोहे-जिलबी खाता खाता चार जण तुम्हाला धंद्याची स्कीम सांगतात, आणि चौघांपैकी एकानेही जन्मात जीएसटीचं रिटर्न भरलेलं नसतं. माझी सांवेर रोडवर भाड्याची शेड आहे, मिठाईचे डबे बनवते. सल्ला द्यायला एवढी पात्रता पुरे.

पहिलं काम, उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारदरबारी नोंद. सरकारच्या पोर्टलवर ती पूर्ण फुकट होते, आधार आणि पॅन असलं की झालं, एकही कागद अपलोड करावा लागत नाही. म्हणूनच ती कुणाला तरी पैसे देऊन करून घ्या. सरकारी वाटणाऱ्या नावांच्या खासगी वेबसाइट्स तुमची वाटच बघताहेत.

मग मुद्रा कर्ज. ८ एप्रिल २०१५ पासून योजना आहे. शिशू गटात ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत, आणि तारण लागत नाही. बँकेत जा. साहेब फॉर्मकडे बघतील, तुमच्याकडे बघतील आणि विचारतील, "घर कोणाच्या नावावर आहे?" गांगरू नका. तारण लागत नाही म्हणजे तारण विचारत नाहीत, असं कोणी म्हटलं?

उद्योजकतेच्या शिबिराला अवश्य जा. व्यासपीठावरच्या माणसाचा शिबिरं घेणं हाच धंदा असतो आणि त्याची फी त्याला आगाऊ मिळालेली असते. शिकण्यासारखं तेवढंच.

नातेवाइकांना धरून राहा. मुंज, बारसं, वास्तुशांत, कुठेही पेढे वाटायचे असले की तुमची आठवण निघते. "अगं, पन्नास तर डबे हवेत, वर त्याचं नाव छाप आणि एक छोटासा गणपती." पन्नास डब्यांना डाय (डबा कापायचा साचा) बसवायला, मशीन लावायला तेवढाच वेळ लागतो जेवढा पाच हजारांना, हे मावशीला समजावू नका. मावशी दुखावते. पैशांचं विचारलंत तर रामबागेतली आख्खी मराठी वस्ती दुखावते.

बाई असाल तर आणखी एक. वसुलीला गेलात की मिठाईच्या दुकानाचे शेठ प्रेमानं म्हणतात, "भाभीजी, आप क्यों परेशान होते हो, भैया को भेज देना." आमचे भैया शाळेत गणित शिकवतात. डुप्लेक्स बोर्ड, म्हणजे डब्यांचा पुठ्ठा, कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नाही. पण पाठवा. चहा पिऊन, बागकामावर गप्पा मारून परत येतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. ग्राहक वाढवायचे कसे? सोपं आहे. उधार द्या.

बोर्डवाला तुम्हाला उधार देणार नाही. ३०० जीएसएमचा जाड पुठ्ठा गाडीतून उतरायच्या आत त्याला पैसे लागतात, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही, मिलवाला त्याला तसंच धरतो. डबे घडी करून लेई लावणाऱ्या बायका शेकड्याच्या दरानं काम करतात, त्यांना शनिवारी संध्याकाळी मजुरी द्यायची. त्यांना "दिवाळीनंतर बघू" म्हणायची माझी छाती होत नाही. मशीन बंद असलं तरी विजेच्या बिलात स्थिर आकार येतोच. सगळ्यांना रोख देऊन तयार केलेला माल तुम्ही टेम्पोत भरून शेठच्या गोदामात नेऊन ठेवायचा आणि घरी यायचं. याला व्यवसायवृद्धी म्हणतात.

वसुलीचं पंचांग पाठ करा. राखीच्या डब्यांचे पैसे अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ) होऊन गेल्यावर. झांक्या झाल्या की "दिवाली का सीजन निकलने दो." दिवाळी गेली की देवउठनी ग्यारस (कार्तिकी एकादशी), लग्नसराई, शेठला दम मारायला फुरसत नाही. मग मार्च एंड, त्यात कोण कुणाला पैसे देतो? त्यातच रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, त्या दिवशी राजवाड्यापाशी अख्खं शहर रंगलेलं, अकाउंटंट तर आठवडाभर शुद्धीवर येत नाही. मग उन्हाळ्यात मंदी. आणि मंदी सरते न सरते तोच फोन येतो: "भाभीजी, राखी का माल कब दे रहे हो?"

मधल्या काळात सरकार आहेच. तुम्ही बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत त्यावरचा जीएसटी भरायचा. शेठनं पैसे दिले का, हे पोर्टल विचारत नाही. तुम्ही तो खिशातून भरता, आणि तिकडे शेठ तुमच्याच बिलावर इनपुट क्रेडिट (खरेदीवरच्या कराची आपल्या करातून वजावट) घेऊन मोकळे. म्हणजे माल तुमचा, कर तुमचा, क्रेडिट त्यांचं. कायद्यात लिहिलंय की १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. असं परत केलेला एक जरी शेठ मला दाखवलात, तर त्याला छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत नेऊन पोटभर खाऊ घालीन. बिल रोखीनं भरीन.

कायद्याचं म्हणाल, तर कायदा तुमच्याच बाजूचा आहे. २००६ चा एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा सांगतो, लेखी करार असला तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत नाही, करार नसला तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. तक्रारीला २०१७ मध्ये समाधान नावाचं पोर्टल आलं, ऑनलाइन तक्रार केली की प्रकरण फॅसिलिटेशन काउन्सिलकडे, म्हणजे असे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे जातं, निकाल ९० दिवसांत लागावा असं कलमातच आहे. निकालाविरुद्ध कोर्टात जायचं तर शेठला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. एवढं कमी पडलं म्हणून की काय, आयकर कायद्यात ४३बी(एच) आलं: उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या कारखानदाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ते देईपर्यंत खर्च म्हणून दाखवता येत नाहीत. २०२४-२५ च्या कर आकारणी वर्षापासून लागू. वाचून मला भरून आलं होतं. त्यानंतर एका शेठनी अगदी आपुलकीनं सुचवलं, "भाभीजी, वो उद्यम वाला रजिस्ट्रेशन कैंसल करवा लो ना, हमारे सीए को दिक्कत आ रही है."

मग तक्रार का करत नाही, असं विचारणारे तुम्ही नक्कीच पगारदार आहात. तक्रार केली की ते गिऱ्हाईक संपलं. ते तर संपलंच, त्याचा साडू आणि त्याचा शेजारी दुकानदारही संपले, कारण बाजारात बातमी पोहोचायला चहाचा एक कप पुरतो: "उनसे मत लेना, केस कर देते हैं." गेल्या वर्षीचे पैसे मिळवायचे की या वर्षीची ऑर्डर, एवढाच प्रश्न असतो, आणि शेड चालू ठेवायची तर ऑर्डर घ्यावी लागते. शेठला हे चांगलं ठाऊक आहे. त्यांचा सगळा हिशेब यावरच चालतो.

घाई तरी कशाला करावी म्हणा. आपल्या शहराला सवय आहे. हुकुमचंद मिल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली, आणि कामगारांच्या देण्यांचे २२४ कोटी मार्गी लागले २५ डिसेंबर २०२३ ला. मोठा कार्यक्रम झाला, पंतप्रधान ऑनलाइन आले, टाळ्या पडल्या. तीस वर्षं. कित्येक कामगार तोवर गेले, त्यांच्या बायका किंवा मुलं रांगेत उभी राहिली. हा परिच्छेद मी गमतीनं लिहायला घेतला होता. जाऊ द्या.

मागच्या आठवड्यात मी एका शेठकडे गेले होते. दिवाळीच्या डब्यांचं बिल. नव्या शोरूमचं उद्घाटन दोनच दिवसांपूर्वी झालेलं, इटालियन मार्बल, एसी, दारात झेंडूची तोरणं अजून सुकायची होती. मला बसवलं, पाणी दिलं, आणि पैशांचा विषय काढायच्या आत हातात अर्धा किलो पेढे ठेवले. "मुँह मीठा करो भाभीजी, आप तो घर के हो." डबा माझा. माझी डाय, माझा सोनेरी काठ, माझ्या शेडमधल्या बायकांनी लावलेली लेई. ज्याचं बिल थकलंय, तोच डबा मला भेट. आणि मार्बलवाल्याला रोख दिले असणार, कारण तो गुजरातेतून येतो आणि पैशांशिवाय ट्रक सोडत नाही.

कचरा सहा प्रकारांत वेगळा करून देणारं हे शहर. २०१७ पासून स्वच्छतेत देशात नाव काढलंय. शेठच्या दुकानासमोर कागदाचा कपटा सापडणार नाही. माझं बिल मात्र कुठल्या डब्यात गेलं ते कुणाला माहीत नाही.

शेठ, तुमच्याकडे पैसे नाहीत असं नाही. असते अडचण तर मी समजून घेतलं असतं, धंद्यात कुणालाही येते. तुमच्याकडे पैसे आहेत आणि ते माझे आहेत. बँकेकडून घेतले असते तर व्याज द्यावं लागलं असतं, म्हणून तुम्ही माझ्याकडून घेता. लाज वाटायला पाहिजे. ज्या बाईनं तुमच्या हजारो डब्यांना लेई लावली, तिच्या मुलाच्या शाळेची फी मी माझ्या एफडीतून भरली. तुमचं शोरूम उभं राहावं म्हणून.

आणि वाचणाऱ्यांनो, तुम्ही काय हसताय? ब्लाउज शिवून देणारीला "पुढच्या वेळी एकदम देते" कोण म्हणतं? पोळ्या करून देणाऱ्या काकूंचा हिशेब महिना उलटला तरी कुणी केलेला नसतो? फोन हातात आहे, यूपीआय आहे, दहा रुपयांची कचोरी स्कॅन करून खाता. शेठ निदान मोठ्या रकमा थकवतात. तुम्ही साडेतीनशे रुपये थकवता आणि ती विसरली असेल अशी आशा करता. ती विसरलेली नाही. तिला मागायची लाज वाटते आणि तुम्हाला ठेवायची वाटत नाही.

द्या ते पैसे. आत्ता, हे वाचणं थांबवून. आणि शेठ, तुमच्यासाठी: खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड बिलाच्या तळाशी छापलेला आहे. बिल हरवलं असेल तर दुसरी प्रत उद्या सकाळी मीच घेऊन येते. भैयाला पाठवणार नाही.